अस्थीचे गणित आणि पोलादाची पट्टी

सैद्धांतिक भौतिकी, अस्थिवैद्यक आणि उद्योजकता ही तीन नावे एका ओळीत लिहिली म्हणजे ती तीन निरनिराळ्या इमारतींवरील पाट्यांसारखी वाटतात. पहिलीत समीकरणे मांडावयाची, दुसरीत रोगी तपासावयाचे, तिसरीत भांडवल व बाजारपेठ यांचा विचार करावयाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत. या तिहींचा संबंध सांगावयाचा झाल्यास आपण तो बहुधा एका सरळ रेषेने सांगतो: भौतिकीने सिद्धांत दिला, वैद्यकाने तो रोग्यास लावला आणि उद्योगाने तो बाजारात आणला. अस्थीच्या बलविषयक अभ्यासाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास बारकाईने पाहिला असता ही सरळ रेषा कोठेच आढळत नाही. चुकीच्या सिद्धांतातून उपयुक्त साधने निघाली आहेत, बरोबर निरीक्षणांवर चुकीची उपपत्ती बसविली गेली आहे, आणि कोणता प्रश्न पुढे न्यावयाचा हे पुष्कळदा कारखान्याने ठरविले आहे. सिद्धांताची सत्यता आणि साधनाची उपयुक्तता ही दोन स्वतंत्र खाती होत, व ती एकत्र केली की हिशेब चुकतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभ झुरिच येथे करावा लागतो. तेथील तंत्रविद्यालयात कार्ल कुलमान हे स्थापत्याचे प्राध्यापक होते. पूल, छपरे, यारी यांसारख्या रचनांमधील बले बीजगणिताऐवजी रेखाचित्रांनी काढण्याची पद्धती त्यांनी विकसित केली आणि तीवरील त्यांचा ग्रंथ १८६६ साली पूर्ण झाला. याच गावात हेरमान फोन मायर हे शारीरशास्त्रज्ञ हाडांचे उभे छेद घेऊन त्यांच्या आतील जाळीदार रचनेचा अभ्यास करीत होते. मांडीच्या हाडाचा खुब्याकडील भाग उभा कापला, तर आत भरीव हाड दिसत नाही. बारीक तुळयांची एक जाळी दिसते. ही जाळी अस्ताव्यस्त नसते. तुळयांचा एक समूह खुब्याच्या गोळ्यापासून खाली आतल्या बाजूकडे उतरतो, दुसरा बाहेरच्या बाजूने कमानीसारखा वळत त्यास छेदतो. मायर यांनी ही रचना झुरिचच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे मांडली तेव्हा कुलमान यांना त्या रेषा ओळखीच्या वाटल्या.

त्या ओळखीच्या का वाटल्या, हे समजण्यासाठी स्थितिस्थापकतेच्या सिद्धांतातील एक कल्पना लक्षात घ्यावी लागेल. भार पेलणाऱ्या घन पदार्थात एकक क्षेत्रफळावर जे अंतर्गत बल असते त्यास प्रतिबल म्हणतात. कोणत्याही बिंदूतून असंख्य प्रतले कल्पिता येतात, आणि प्रत्येक प्रतलावरील प्रतिबल निराळे असते. परंतु त्यांपैकी काही प्रतले अशी असतात की त्यांवर केवळ ओढ किंवा केवळ दाब असतो, सरकविणारे कर्तनबल मुळीच नसते. अशा प्रतलांच्या लंबदिशांना प्रमुख दिशा म्हणतात, व त्या परस्परांशी काटकोन करतात. एका बिंदूपासून पुढच्या बिंदूकडे या दिशांचा माग घेत रेषा काढीत गेले म्हणजे वक्ररेषांची दोन कुळे मिळतात: एक ओढीचे, दुसरे दाबाचे. मांडीच्या हाडासारखे वाकडे डोके असलेल्या यारीच्या आकृतीत कुलमान यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून या रेषा काढवून घेतल्या. त्या रेषा आणि हाडातील तुळया यांत विलक्षण साम्य दिसले. मायर यांचा निबंध १८६७ साली प्रसिद्ध झाला. हाडाचा छेद पाहताच कुलमान ‘ही तर माझी यारी!’ अशा अर्थाचे उद्गारले, ही हकीकत डार्सी थॉम्सन यांनी १९१७ साली आपल्या ग्रंथात सांगितल्यामुळे जगभर झाली. प्रसंगानंतर पन्नास वर्षांनी लिहिलेली ही हकीकत किती अक्षरशः घ्यावी, हा प्रश्न निराळा. विज्ञानाच्या इतिहासात अशा उद्गारांचे पीक नेहमीच उदंड येते.

या साम्याचे नियमात रूपांतर केले बर्लिनचे शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी. १८७० पासून त्यांनी या विषयावर लिहिण्यास सुरुवात केली आणि १८९२ साली अस्थींच्या रूपांतराच्या नियमावरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडला. हाडाच्या आकारात किंवा कार्यात बदल झाला की त्याच्या अंतर्रचनेत व पाठोपाठ बाह्य आकारातही गणिती नियमांनुसार ठराविक बदल होतात, हा त्यांच्या प्रतिपादनाचा सारांश. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत हा वोल्फचा नियम म्हणून आजही शिकविला जातो.

येथे ‘गणिती नियमांनुसार’ या शब्दांवर थोडे थांबणे अगत्याचे आहे. वोल्फ यांनी कोणतेही समीकरण दिले नाही. त्यांचा भर होता तो हाडातील तुळया व प्रमुख प्रतिबलाच्या रेषा एकच आहेत या दाव्यावर, आणि म्हणून तुळया परस्परांना काटकोनातच छेदतात या आग्रहावर. हा दावा भौतिकीच्या कसोटीस उतरत नाही. कुलमान यांच्या रेषा भरीव, एकजिनसी व सर्व दिशांनी सारख्याच गुणधर्माच्या पदार्थासाठी काढलेल्या होत्या. हाडाची जाळी पोकळ, विषम आणि दिशेनुसार गुणधर्म बदलणारी आहे. जाळी निर्माण होताच तिच्यातील प्रतिबलांची वाटणी भरीव पदार्थातील वाटणीसारखी राहत नाही. शिवाय प्रमुख दिशा भाराच्या दिशेवर अवलंबून असतात, आणि चालताना, जिना चढताना, बसून उठताना तो भार क्षणोक्षणी बदलतो. मग जाळीने कोणत्या क्षणाच्या रेषांचे अनुकरण करावयाचे? बलविज्ञानाचे अभ्यासक स्टीफन कॉविन यांनी १९९० नंतरच्या दशकात हा आक्षेप फार स्पष्टपणे मांडला.

मग शिल्लक काय राहिले? पुष्कळच राहिले, पण ते वोल्फइतकेच त्यांचे समकालीन विल्हेल्म रू यांच्या नावावर जमा करावयास हवे. हाड भारानुसार स्वतःस घडविते, आणि ही क्रिया बाहेरून कोणी लादलेल्या आराखड्याने होत नसून पेशींच्या स्थानिक स्वयंनियमनाने होते, ही रू यांची १८८१ मधील कल्पना होती. रेषांचे साम्य हा चित्राचा भाग झाला. स्वयंनियमन हा यंत्रणेचा. १९७६ साली कॉविन व हेगेडस यांनी अनुकूलनशील स्थितिस्थापकतेचा सिद्धांत मांडून या यंत्रणेस प्रथमच खरे गणिती रूप दिले. त्यात हाडाची सच्छिद्रता ही काळानुसार बदलणारी राशी धरली असून तिच्या बदलाचा वेग विकृतीवर, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात होणाऱ्या विरूपणावर, अवलंबून ठेवला आहे. ‘गणिती नियम’ हा शब्द वापरल्यापासून तो नियम लिहिला जाईपर्यंत सुमारे ऐंशी वर्षे गेली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

प्रयोगांनी आणखी एक गोष्ट उघड केली. रुबिन व लॅनियन यांनी पक्ष्यांच्या पंखातील हाडावर बाहेरून भार देऊन केलेले प्रयोग १९८४ साली प्रसिद्ध झाले. स्थिर भार कितीही वेळ ठेवला तरी हाडाची झीज थांबत नव्हती. मात्र बदलत्या भाराची दिवसातून चार आवर्तने दिली तरी ती थांबत होती, छत्तीस आवर्तनांनी नवे हाड तयार होत होते, आणि अठराशे आवर्तने देऊनही त्याहून अधिक लाभ होत नव्हता. कुलमान यांची यारी मात्र पूर्णपणे स्थिर भाराचे चित्र होते. म्हणजे ज्या चित्रापासून या विषयाचा जन्म झाला त्यात हाडाला न जाणवणारी गोष्ट रेखाटलेली होती.

भार बदलतो हे हाडातील पेशीस कळते कसे, या प्रश्नाचे एक आकर्षक उत्तर जपानमधून आले. पियेर व झाक क्यूरी या बंधूंनी १८८० साली काही स्फटिकांवर दाब दिला असता विद्युतभार निर्माण होतो हे दाखविले होते. टोकियोच्या कोबायासी संस्थेतील भौतिकीविद एइइची फुकादा आणि क्योतोचे अस्थिशल्यज्ञ इवाओ यासुदा यांनी १९५७ साली हाच दाबविद्युत परिणाम सुकविलेल्या हाडात मोजून दाखविला. दाब दिला की विद्युत निर्माण होते आणि विद्युतक्षेत्र लावले की विरूपण होते, हे दोन्ही त्यांनी सिद्ध केले, व त्याचे मूळ हाडातील कोलॅजेनच्या तंतूंत आहे असे दाखविले. (कोलॅजेनची तिहेरी सर्पिल रचना त्यापूर्वी तीनच वर्षे, १९५४ साली, मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी सुचविली होती. त्या कामास मद्रासच्याच केंद्रीय चर्म संशोधन संस्थेचे साहाय्य झाले होते. कातडे कमावण्याच्या धंद्यासाठी उभारलेली संस्था रेणूंच्या भूमितीच्या उपयोगी पडली. आपल्याकडील विभागीय भिंतींविषयी तक्रार करणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.)

फुकादा-यासुदांच्या शोधापासून तर्काची साखळी सहज तयार झाली. भार पडला की हाडात विद्युत निर्माण होते, विद्युतेने पेशी जाग्या होतात, पेशी हाड बांधतात. तेव्हा न जुळणाऱ्या हाडास बाहेरून विद्युत दिली तर ते जुळावे. १९६२ साली अमेरिकेत बॅसेट व बेकर यांनी हाडावर भार देऊन निर्माण होणाऱ्या विभवांची मोजणी प्रसिद्ध केली आणि त्यानंतर हा विषय झपाट्याने प्रयोगशाळेतून कारखान्यात गेला. शरीरात तार घालून अल्प प्रवाह देणारी, किंवा अवयवाभोवती वेटोळे ठेवून स्पंदित चुंबकीय क्षेत्र देणारी साधने तयार झाली. १९७९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने न जुळलेल्या अस्थिभंगासाठी अशा साधनांना मान्यता दिली.

परंतु याच काळात मूळ साखळीचा पहिलाच दुवा निखळत होता. फुकादा व यासुदा यांचे हाड सुकविलेले होते. शरीरातील हाड ओले असते. ओल्या हाडात दाबविद्युत परिणाम फार क्षीण होतो असे १९७० च्या सुमारास दिसून आले. हाड वाकविले असता जी विभवे मोजली जातात ती मुख्यतः निराळ्याच कारणाने उद्भवतात: हाडातील सूक्ष्म नलिकांतून आयनयुक्त द्रव पिळून निघतो आणि त्याच्या वाहण्याने विभवांतर निर्माण होते. १९९४ साली वाइनबाउम, कॉविन व झेंग यांनी याहीपुढे जाऊन असे गणित मांडले की पेशीस जाग आणणारी गोष्ट विद्युत नसून त्या वाहत्या द्रवाचे घर्षण असावे. या गणिताने एक जुने कोडेही हाताळले. जोमदार हालचालीतसुद्धा हाडाची विकृती हजारी दोन-तीन भागांच्या पलीकडे क्वचितच जाते. उलट काचपात्रात वाढविलेल्या पेशी प्रतिसाद देण्यासाठी याच्या दहापट किंवा अधिक ताण मागतात. अरुंद नलिकेतून वाहणारा द्रव हा या अल्प विकृतीचे प्रवर्धन करतो, असे हे उत्तर आहे.

मग त्या साधनांचे काय? ती आजही वापरात आहेत. काही चाचण्यांत त्यांचा लाभ दिसला, काहींत दिसला नाही. सर्व चाचण्या एकत्र करून काढलेले निष्कर्षही फार तर मध्यम खात्रीचे आहेत. येथे दोन चुका संभवतात. उपपत्ती चुकली म्हणून साधन निरुपयोगी ठरविणे ही एक, आणि साधन विकले जाते म्हणून उपपत्ती खरी मानणे ही दुसरी. पहिली चूक आपल्या भौतिकी विभागात अधिक होते, दुसरी जाहिरातीच्या पत्रकांत. फुकादांच्या संशोधनाचे खरे व्यावसायिक फळ तर हाडाच्या बाहेरच पिकले. सेंद्रिय पदार्थांतील दाबविद्युतेचा शोध घेण्याच्या याच परंपरेत, त्याच कोबायासी संस्थेत हेइजी कावाई यांनी १९६९ साली पॉलिव्हिनिलिडीन फ्लुओराइड या प्लॅस्टिकमधील तीव्र दाबविद्युत परिणाम शोधून काढला, आणि त्याच्या पातळ पापुद्र्यांपासून पुढे नाना प्रकारचे संवेदक बनले.

आता तिसऱ्या पाटीकडे वळू. उद्योजकता या शब्दाचा अर्थ आपण बहुधा एका धाडसी व्यक्तीपुरता मर्यादित करतो. स्वित्झर्लंडमध्ये १९५८ साली जे घडले ते या अर्थात बसत नाही, आणि माझ्या मते तेच या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण आहे. त्या काळी मोडलेले हाड बहुधा प्लॅस्टरमध्ये किंवा वजने टांगून ओढीखाली ठेवीत. हाड जुळे, पण कित्येक आठवडे निश्चल राहिलेले सांधे आखडत, स्नायू वाळत, आणि माणूस कामास मुके. बेल्जियमचे रोबेर दानिस यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात दाखविले होते की तुकडे धातूच्या पट्टीने घट्ट दाबून बसविले तर हाड बाहेर गाठ न येता सरळ जुळते, व रोग्यास अवयव लवकर हलविता येतो. मॉरिस म्युलर या तरुण स्विस शल्यज्ञाने दानिस यांचे काम प्रत्यक्ष जाऊन पाहिले होते. त्यांच्यासह तेरा शल्यज्ञांनी नोव्हेंबर १९५८ मध्ये बील या गावी एक अभ्यासगट स्थापन केला. जर्मन नावाच्या आद्याक्षरांवरून तो ‘आ-ओ’ या नावाने ओळखला जातो.

म्युलर यांना हवी होती एकमेकांशी जुळणारी पट्ट्या, स्क्रू व हत्यारे यांची संपूर्ण मालिका. ती घडविली बेटलाख गावातील रोबेर्ट माथिस या यंत्रकारागिराने. परंतु कारागिरी पुरेशी नव्हती. शरीरातील खारट द्रवात धातू गंजत होते, पट्ट्या मोडत होत्या. तेव्हा गटाने वाल्डेनबुर्ग येथील श्ट्राउमान संस्थेकडे धाव घेतली. घड्याळांच्या स्प्रिंगांसाठी मिश्रधातूंचा अभ्यास करणारी ही संस्था. घड्याळाच्या धंद्यात मिळविलेले धातुज्ञान हाडाच्या कामी आले. डाव्होस येथे १९५९ साली गटाची प्रयोगशाळा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तेथे शल्यज्ञांसाठी शिक्षणवर्ग भरू लागले.

व्यवस्थेचा मर्मभाग मात्र पैशाच्या वाटपात होता. १९६० साली सिंथेस नावाची कंपनी काढून हक्क तिच्याकडे ठेवण्यात आले. उत्पादक कारखाने विक्रीवर तिला स्वामित्वधन देत आणि ते संशोधन व अध्यापन यांकडे जाई. कंपनीचे भाग धारण करणाऱ्या शल्यज्ञांनी त्यातून लाभांश घेतला नाही. हत्यारे सुरुवातीस वाटेल त्यास विकली जात नव्हती. ती वापरण्याचे शिक्षण आणि त्यांची विक्री यांची सांगड घातलेली होती. शिवाय प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद, क्ष-किरण चित्रांसह, मध्यवर्ती कचेरीत पाठवावी लागे. अपयश लपविणे त्यामुळे कठीण झाले. भौतिकीच्या प्रयोगशाळेत मोजमापाच्या वहीस जे स्थान असते तेच येथे या नोंदींना होते.

याच डाव्होसच्या प्रयोगशाळेत श्टेफान पेरेन यांनी एक उपपत्ती मांडली. तिचे गणित शाळकरी मुलासही करता येईल, पण परिणाम दूरगामी आहेत. मोडीच्या फटीची रुंदी एक मिलिमीटर आहे व तुकडे एक दशांश मिलिमीटर हलतात असे समजा. फटीतील ऊतीची विकृती दहा टक्के झाली. फट एक दशांश मिलिमीटरच असेल आणि हालचाल तितकीच राहिली, तर विकृती शंभर टक्के. आता जखमेत प्रथम येणारी कोवळी ऊती शंभर टक्के विकृती सोसू शकते, कूर्चा सुमारे दहा टक्के, हाड फक्त दोन टक्के. जी ऊती तेथील विकृती सोसू शकत नाही ती तेथे तयार होऊच शकत नाही. मोडलेल्या हाडाच्या कडा आरंभी झिजून फट रुंदावते, हे शल्यज्ञांस पूर्वीपासून दिसत होते व ते अनिष्ट वाटत होते. पेरेन यांच्या हिशेबाने कळले की फट रुंदावून शरीर विकृतीच कमी करीत असते. अगदी बारीक फट ठेवून पट्टी किंचित सैल बसविणे हे त्यामुळे सर्वांत वाईट. रुंद फटीतील थोडी हालचाल त्या मानाने सुसह्य. अनेक तुकडे झालेल्या मोडीत तीच हालचाल अनेक फटींत वाटली जाते, म्हणून तेथे ताठर पट्टीचा अट्टाहास करण्याची गरज नाही.

वोल्फ पुन्हा भेटतात ते येथेच. ताठर पट्टीखालचे हाड काही काळाने सच्छिद्र होते असे आढळले. स्पष्टीकरण तयारच होते: पट्टी भार उचलते, हाडास भार मिळत नाही, म्हणून नियमाप्रमाणे ते झिजते. पाठ्यपुस्तकांनी हे आनंदाने स्वीकारले. पेरेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली असा पुरावा पुढे केला की ही आरंभीची सच्छिद्रता पट्टीच्या दाबाने हाडाचा रक्तपुरवठा तुटतो त्या भागाशी जुळते. मृत हाड काढून नवे घालण्याच्या क्रियेतील ती एक पायरी होय. वादाचा निकाल पूर्ण लागला असे म्हणता येत नाही, पण कारखान्यावर परिणाम झाला. हाडाशी कमीत कमी स्पर्श होईल अशा खालून कोरलेल्या पट्ट्या बनू लागल्या. भारवंचना हेच कारण असते, तर उपाय निराळा, म्हणजे कमी ताठर धातूचा, झाला असता.

ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या तशीच टिकली असे मात्र नाही. धंदा वाढला, सिंथेस नावाने चालणारे उत्पादन मोठ्या जागतिक कंपनीच्या हाती गेले, २००६ साली ‘आ-ओ’ प्रतिष्ठानने आपले हक्क तिला विकले, आणि २०१२ साली जॉन्सन अँड जॉन्सनने ती कंपनी सुमारे वीस अब्ज डॉलरला घेतली. प्रतिष्ठान अद्याप आहे, डाव्होसमधील संशोधनही चालू आहे. तथापि विक्री करणारा आणि अपयशाची नोंद ठेवणारा हे आता एका घरचे नाहीत.

या फरकाचा अर्थ नोरियन या उपकंपनीच्या प्रकरणात दिसला. हाडातील खनिजासारखाच कॅल्शियम फॉस्फेटचा घट्ट होणारा लगदा तिने बनविला होता, व त्याचे मूळ विज्ञान उत्तम होते; १९९५ साली ते ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्धही झाले. कण्याच्या चेपलेल्या मणक्यांत तो भरण्यास अमेरिकेत मान्यता नव्हती. तरीही २००२ ते २००४ या काळात कंपनीने शल्यज्ञांकडून तसे उपयोग करवून त्यांचे निष्कर्ष जमविले. हा लगदा रक्तात मिसळला असता गुठळ्या होतात हे परीक्षानळीत दिसले होते. एका डुकरावरील प्रयोगात अशी गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली होती. तीन रोगी शस्त्रक्रियेच्या मेजावर दगावल्यानंतरच हा प्रकार थांबला. २०१० साली नोरियनने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि २०११ साली चार अधिकाऱ्यांना कारावास झाला. परीक्षानळीतील व डुकरावरील दोन्ही निष्कर्ष पहिल्या मृत्यूपूर्वीच कंपनीच्या दप्तरी होते.